कानटोपी काढण्याचा मुहूर्त

माघ सरत आला की पुण्यातल्या कोणत्याही बागेतल्या सकाळच्या बाकावर दरवर्षी तोच प्रवेश नव्याने रंगतो. "काय हो, अजून कानटोपी?" असे एकाने विचारायचे, "होळी पेटल्याखेरीज उतरायची नाही, आईची शिकवण आहे," असे दुसऱ्याने सांगायचे, आणि अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात आलेल्या तिसऱ्याने, आपल्याकडे पंखा आठ दिवसांपूर्वीच सुरू झाला, ही बातमी अशा थाटात द्यायची, की जणू ऋतू त्यांच्याच घरच्या बटणावर पालटतो. "तुमच्याकडे पंखा थंडीतही चालू असतो, डास फार!" असा टोला बसतो. मग 'आमच्या लहानपणी' या दोन शब्दांनी सुरू होणारे वाक्य येते. त्यात पहाटेचे नळाचे पाणी हाताला चावते, खोबरेल तेलाची बाटली गोठून उन्हात ठेवावी लागते. तेवढ्यात चहा येतो, निवडणुकीचा विषय निघतो आणि हवामानावरची चर्चा ठरावाविना तहकूब होते.

अशा बोलण्याला आपण हवापाण्याच्या गप्पा म्हणतो आणि हवापाण्याच्या म्हणजे बिनकामाच्या, असे धरून चालतो. ज्या समाजाच्या पन्नास पिढ्या पावसाच्या भरवशावर जगल्या, त्याच्या भाषेत हवा आणि पाणी हे दोन शब्द निरर्थक बोलण्याची ओळख होऊन बसावेत, ही विस्मरणाची खूण म्हटली पाहिजे. कारण थंडी ओसरून ऊन तापू लागण्याच्या या आठ-दहा आठवड्यांत जे बोलले गेले, त्यातूनच या देशात काव्य उभे राहिले, ज्योतिष उभे राहिले, पंचांगांचे वाद पेटले आणि शेवटी एक सरकारी खातेही उभे राहिले. आणि त्या प्रत्येक टप्प्यावर माणसाने पुन्हा पुन्हा त्याच दोन चुका केल्या. त्या चुका कोणत्या, हे समजण्यासाठी बाकावरून उठून थोडे मागे जावे लागते.

मराठीची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतात या गप्पांचे सर्वात जुने दफ्तर सापडते. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आकाराला येऊ लागलेली 'गाथासप्तशती' दरबारात फारशी रमत नाही. तिच्या सातशे गाथांत नांगर धरणारा हलिक आहे, परमुलखात गेलेला पांथस्थ आहे आणि त्याची वाट पाहणारी घरधनीण आहे. या माणसांच्या तोंडी ऋतू सतत येतो, पण तो ऋतूपुरता कधीच राहत नाही: आंब्याचा मोहोर दिसला की तो कोणाच्या तरी परतण्याची किंवा न परतण्याची वार्ता होतो, आणि फाल्गुनाच्या सणात अंगावर उडालेल्या चिखलावरून चाललेली थट्टा चिखलाबद्दल नसते. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनी हा काव्याचा आत्मा आहे असे 'ध्वन्यालोका'त मांडले, तेव्हा दाखल्यांसाठी त्याने असल्या प्राकृत गाथांकडेही धाव घेतली. बाकावरच्या कानटोपीच्या चौकशीलाही हाच नियम लागू आहे. तिचा वाच्यार्थ थंडीचा आणि व्यंग्यार्थ प्रकृतीचा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला दुसऱ्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाने 'हा हिवाळा निभावलात ना?' असे सरळ विचारणे आपल्याकडे शिष्टसंमत नाही, म्हणून ते कानटोपीच्या आडून विचारले जाते.

या बोलण्याला शास्त्राची बैठक दिली ती सहाव्या शतकात उज्जयिनीच्या वराहमिहिराने. 'बृहत्संहिते'त त्याने मेघांच्या गर्भाची कल्पना सविस्तर मांडली आहे: मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत आभाळ, वारा, धुके, थंडी, चंद्रसूर्याभोवतीचे खळे यांवरून मेघाला गर्भ राहिला की नाही हे ओळखायचे, आणि तो राहिला असेल तर १९५ दिवसांनी, म्हणजे साडेसहा महिन्यांनी, पाऊस प्रसवेल असे मानायचे. माघाच्या शुद्ध पक्षातल्या गर्भाचा पाऊस श्रावणाच्या वद्य पक्षात, फाल्गुनातल्याचा भाद्रपदात, असा तो हिशेब आहे. गणिताला आज कोणी प्रमाण मानणार नाही. परंतु त्यामागचा आग्रह मोलाचा आहे. पावसाची चौकशी मृगाच्या तोंडावर करून उपयोग नसतो, ती कडाक्याच्या थंडीत सुरू करावी लागते, आणि जो ज्योतिषी रात्रंदिवस आभाळाकडे लक्ष ठेवून ही लक्षणे टिपतो त्याचीच वाणी खरी ठरते, असे वराहमिहिर बजावतो. त्याच्या शास्त्रात भाकितापेक्षा टिपण आधी येते. पुढच्या पिढ्यांनी भाकीत ठेवले आणि टिपण सोडले.

शास्त्र ग्रंथात राहिले तेव्हा त्याचा सारांश लोकांनी तोंडी जपला. महाराष्ट्रात तो सहदेव-भाडळीच्या नावाने फिरला, उत्तरेत घाघ आणि भड्डरी यांच्या नावाने. 'होळी जळाली, थंडी पळाली' हे चार शब्द म्हणजे शतकांच्या निरीक्षणाची इतकी घट्ट वळलेली मोळी आहे, की ती शाळेत न गेलेल्या माणसालाही वाहून नेता यावी. कानडी मुलखात थंडी होळीच्या पंधरा दिवस आधी, शिवरात्रीला, 'शिव शिव' म्हणत निघून जाते. पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पाने चावून झाली की गावचा जोशी पंचांग उघडून संवत्सराचे फळ वाचायचा. सूर्य कोणत्या नक्षत्रात कोणत्या वाहनावर बसून शिरतो, ते बेडूक आहे की म्हैस, हत्ती आहे की कोल्हा, यावर देवळाच्या पारावर खल चालायचा आणि कोल्ह्यावर आलेल्या नक्षत्राला शिव्या बसायच्या. हसण्यावारी नेण्यासारखे त्यात पुष्कळ होते. पण नांगरटीच्या आधी सगळे गाव एकत्र बसून येणाऱ्या पावसाबद्दल एकदा तरी बोलत होते, बियाणे किती राखायचे, कडबा विकायचा की ठेवायचा, याचा विचार त्या हसण्यातूनच वाट काढत होता, हे विसरता येत नाही.

पाऊस चुकला तेव्हा काय झाले, हेही लोकांनी आपल्या पद्धतीने नोंदवले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेला आणि परंपरेने बारा वर्षे चालला असे मानला गेलेला दुष्काळ महाराष्ट्राने 'दुर्गादेवीचा दुष्काळ' म्हणून लक्षात ठेवला. आपत्तीला देवीचे नाव दिले की ती पिढ्यानुपिढ्या उच्चारली जाते, हे त्या नामकरणातले व्यवहारज्ञान. १६३०चा पाऊस गेला आणि दख्खन व गुजरात दोन वर्षे होरपळले. देहूच्या एका वाण्याचे घर त्यात उद्ध्वस्त झाले, त्यातून बाहेर पडलेल्या तुकोबांना आपण ओळखतो, आणि त्याच दुष्काळात मेलेल्या असंख्य इतरांना ओळखत नाही. हे दोन्ही दुष्काळ ज्या पावसाळ्यात सुरू झाले, त्यांच्या आधीच्या फाल्गुनातही पारावर मंडळी बसली असतील, थट्टा झाली असेल, कोणाची तरी घोंगडी लवकर घडी केल्याबद्दल हसेही झाले असेल.

एकोणिसाव्या शतकात या गप्पांत एक नवा पाहुणा शिरला: मोजमाप. १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईला कुलाब्याची वेधशाळा उभारली. तिथे तरुणपणी काम करून पुढे पुण्यात गणिताचे अध्यापक झालेले केरो लक्ष्मण छत्रे आकाशाकडे पाहून पंचांग तपासू लागले, तेव्हा छापलेले ग्रह आणि दिसणारे ग्रह जुळेनात. १८६५ मध्ये त्यांनी 'पटवर्धनी पंचांग' काढले. त्यानंतर विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ऋतूंना धरून चालणाऱ्या सायन पंचांगाचा पुरस्कार केला आणि महाराष्ट्रात असा वाद पेटला, ज्याचा गाभा वरकरणी बाकावरच्या गप्पांइतकाच साधा होता: वसंत खरा लागतो केव्हा? पृथ्वीच्या आसाच्या संथ डोलण्यामुळे संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या गतीने सरकतो, आणि नक्षत्रांना बांधलेले आपले सण ऋतूंपासून हळूहळू सुटत जातात. उत्तरायण डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास सुरू होते, आपण त्याचा तिळगूळ जानेवारीच्या १४ किंवा १५ तारखेला वाटतो. छत्र्यांचे शिष्य लोकमान्य टिळक यांनी याच सरकण्याच्या आधारे १८९३च्या 'ओरायन'मध्ये वेदांचा काळ मागे नेला. ऋतू आणि दिनदर्शिका यांच्यातली फट त्यांनी इतिहासाचे घड्याळ म्हणून वापरली. बाकीच्यांनी ती सणाच्या पुरणात बुजवली.

त्याच शतकात मोजमाप आणि मरण यांची गाठ पडली. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी दख्खनवर १८७६-७८चा भीषण दुष्काळ कोसळला. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना सरकारने विचारले: आधी कळू शकेल का? १८८४ मध्ये ब्लॅनफर्ड यांनी मांडले, की हिमालयावर हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त साठले तर त्यानंतरचा मोसमी पाऊस कमी पडण्याकडे कल असतो. त्या आधारावर ४ जून १८८६ रोजी पहिला रीतसर दीर्घकालीन अंदाज निघाला. तेराशे वर्षांच्या अंतरावर उभे असलेले उज्जयिनीचे आचार्य आणि कलकत्त्याचे साहेब एकच गोष्ट सांगत होते: जूनचे उत्तर थंडीत शोधा. पण त्याच सुमारास, १८८३ मध्ये, महात्मा फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते, आणि त्यांनी निराळाच प्रश्न हाती घेतला होता. पाऊस किती पडेल यापेक्षा पडलेला पाऊस कुठे जातो, हे त्यांनी विचारले. रिकामटेकड्या पलटणी आणि पोलीस कामाला लावून डोंगरदऱ्यांत ताली-बंधारे असे घाला, की पाणी शेतात मुरेल आणि माती वाहून जाणार नाही, हा त्यांचा उपाय. एका दशकात एकाच आपत्तीतून दोन वाटा फुटल्या, एक अंदाजाची आणि दुसरी तरतुदीची; पहिलीला खाते मिळाले, दुसरीला वाचक.

अंदाजाच्या वाटेवरची पहिली मोठी ठेच लवकरच लागली. १८९९ मध्ये ब्लॅनफर्ड यांचे उत्तराधिकारी जॉन इलियट यांनी चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि देशाने १८९९-१९००चा दुष्काळ पाहिला. त्या अपयशानंतर, १९०४ मध्ये, केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर खात्याच्या प्रमुखपदी आले आणि वीस वर्षे जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जुळवत बसले. विदर्भाच्या कपाशीच्या शेतात पडणाऱ्या पावसाचा धागा प्रशांत महासागरावरच्या हवेच्या हेलकाव्यांपर्यंत जातो, हा त्यांचा शोध आज 'एल निनो'च्या निमित्ताने दर फेब्रुवारीत वर्तमानपत्रांत डोकावतो. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. १९४४ मध्ये ते दिल्लीला गेले तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि तिथल्या बसथांब्याला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस'च म्हणतात. याच काळातल्या नोंदींत आजोबांच्या आठवणींना पुरावा सापडतो: १७ जानेवारी १९३५ला पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता, ७ जानेवारी १९४५ला नाशिकचा शून्याच्याही खाली, उणे ०.६वर, आणि २२ जानेवारी १९६२ला मुंबईचा ७.४वर. तेल गोठत होते हे खरे आहे. ते दरवर्षी आणि महिनाभर गोठत होते, हे मात्र आठवणीने स्वतःच्या पदरचे घातले आहे.

स्वातंत्र्यानंतर नव्या राज्याने ऋतूंनाही शिस्त लावून पाहिली. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ला, चैत्र १, शके १८७९ या दिवशी राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. सण ऋतूंपासून २३ दिवस घसरले आहेत, हे समितीने स्पष्ट नोंदवले आणि वसंत चैत्र-वैशाखातून काढून फाल्गुन-चैत्रात बसवला. सरकारी हिशेबाने वसंत आता २० फेब्रुवारीला लागतो. माघातल्या पंचमीला 'वसंत' का म्हणतात, या पारावरच्या जुन्या कोड्याच्या जवळ सरकार पहिल्यांदाच आले होते. पण ही दिनदर्शिका आकाशवाणीच्या बातम्या आणि राजपत्र यांच्यापलीकडे गेली नाही. अहवाल आणि अंमल यांच्या मधल्या वर्षी, १९५६ मध्ये, दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' प्रसिद्ध झाले. त्यात ऋतू झाडांवरून, पाखरांवरून, उन्हाच्या रंगावरून ओळखायचा होता, आणि मराठी वाचकाने ते पुस्तक आपलेसे केले. एका बाजूला बिनचूक पण न वापरलेले गणित, दुसऱ्या बाजूला आवडीने वाचलेले पण न गिरवलेले निरीक्षण. दोन्ही आपण कपाटात आदराने ठेवले.

१९७२च्या दुष्काळाने फुल्यांची वाट पुन्हा उघडली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली, दुष्काळी कामांवर लाखो हातांनी खडी फोडली, पाझर तलाव आणि बांध झाले. त्या पिढीच्या जिभेवर सुकडीची आणि मिलोच्या भाकरीची चव अजून आहे. नंतर पावसाळे बरे गेले आणि अंदाजाची वाट पुन्हा रुंद झाली. १९८८ मध्ये वसंत गोवारीकर यांनी सोळा घटकांवर आधारलेले प्रारूप दिले; त्यातही हिमालयावरचे बर्फ होते, मार्चमधले पूर्व किनाऱ्याचे किमान तापमान होते, म्हणजे पुन्हा एकदा थंडी सरतानाच्या खुणा. पुढची अनेक वर्षे पाऊस सरासरीच्या आसपास राहिला आणि सोळा घटकांना जवळजवळ नक्षत्रांच्या वाहनांइतकीच लोकप्रियता लाभली. मग २००२ उजाडले. अंदाज १०१ टक्क्यांचा होता, पाऊस १९ टक्के तुटला. खात्याने २००३ मध्ये प्रारूप बदलले, जसे १८९९नंतर बदलले होते. शास्त्राने चुकणे आणि सुधारणे हा त्याचा धर्मच आहे, त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. दोष आहे तो अंदाज हातात आला म्हणजे तरतूद झाली असे समजणाऱ्यांचा. चुकलेला अंदाज पुढल्या वर्षी सुधारता येतो; न घातलेल्या बांधावरून वाहून गेलेले पाणी परत येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा असूडाला १३३ वर्षे झाली होती.

आता या मालिकेच्या टोकाला येऊ. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर गारा बरसत राहिल्या आणि काढणीला आलेला गहू, हरभरा, द्राक्षे जमिनीवर आली. २०२२चा मार्च, कमाल तापमानाच्या हिशेबाने, १९०१पासूनचा देशातला सर्वात तापलेला मार्च ठरला. दाणा भरण्याच्या वेळी गहू होरपळला आणि १३ मेला गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. २०२३च्या फेब्रुवारीने कमाल तापमानाचा विक्रम केला. २०२५च्या फेब्रुवारीने सरासरी तापमानाचा, २२.०४ अंशांचा, आणि त्याच महिन्यात कोकण किनाऱ्यावर उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. साहा समितीने वसंताला फाल्गुनाचे घर मिळवून दिले, तिथे आता ग्रीष्म राहायला येऊ पाहत आहे. 'अवकाळी' हा शब्द पूर्वी विशेषण होता, त्याला पाऊस जोडावा लागे. आता 'काल अवकाळी झाला' असे म्हटले की पुरते. अपवादाचे नाम झाले, म्हणजे तो नित्याचा झाला, हे व्याकरणाने हवामान खात्याच्या आधीच मान्य करून टाकले आहे.

ज्यांचे पोट या आठवड्यांवर आहे, ते याबद्दल कसे बोलतात हे ऐकण्यासारखे असते. निफाडचा पारा उतरला की शहरातल्या माणसाला हुरडा आठवतो. तिथला द्राक्ष बागायतदार मात्र पहाटे तीनला उठून ठिबक सुरू करतो, बांधावर शेकोट्या पेटवून धूर धरतो, कारण गारठ्याने मणी तडकले की वर्ष गेले. कोकणात थंडी हवी असते, तिच्याशिवाय हापूस मोहोरत नाही. पण ती रेंगाळली आणि फळ धरलेल्या डहाळीवर दुसरा मोहोर फुटला, तर पहिली कैरी गळते. "थंडी पडली तर बरे," असे डिसेंबरात आणि "आता गेली तर बरे," असे फेब्रुवारीत म्हणणारा रत्नागिरीचा बागायतदार आपले मत बदलत नसतो, तो कॅलेंडर वाचत असतो. त्याच्या हवापाण्याच्या गप्पांत तारीख असते, झाड असते, फवारणीचा खर्च असतो. आपल्या बाकावरच्या गप्पांतून नेमके हेच गळाले आहे.

आणि इथे त्या दोन चुकांपैकी दुसरी, अधिक सूक्ष्म चूक दिसते. पहिली चूक अंदाजावर विसंबून तरतूद विसरण्याची; दुसरी, तक्रारीची इतकी सवय लावून घेण्याची की ती खरी झाली तरी ऐकू येऊ नये. 'आता पूर्वीसारखी थंडी राहिली नाही' हे वाक्य प्रत्येक पिढीने म्हटले आहे. १९३५च्या गारठ्यातही कुणीतरी आजोबा १९०५ची थोरवी सांगत असले पाहिजेत. लांडगा आला रे आला अशी हाळी शंभर वर्षे उठत राहिली, आणि खरोखरच लांडगा कुंपणाशी आला तेव्हा गाव हसत राहिले, कारण हाळीचे शब्द तेच होते. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा आपला आवडता विनोदही त्याच जातीचा. विनोदाने भीती कमी होते, हे त्याचे बळ. इशारा आणि गंमत एकाच आवाजात बोलली जाऊ लागतात, ही त्याची किंमत. यावर उपाय गप्पा बंद करण्याचा नाही. पारावर सगळ्या गावाने एकत्र बसून बोलण्याला पर्याय अजून निघालेला नाही, आणि मोबाइलवरच्या उद्याच्या तापमानाच्या आकड्याशी कुणाला थट्टा करता येत नाही. उपाय असलाच तर वराहमिहिराने सांगितलेला आहे: बोलण्याआधी टिपा.

१९७३ मध्ये निघालेल्या कालनिर्णयच्या जुन्या प्रतींचा एक गठ्ठा आमच्या घरी माळ्यावर आहे. आई तारखांच्या चौकोनांत दुधाचे रतीब, गॅसच्या टाक्या, धोब्याचे कपडे लिहीत असे, आणि मधूनच, कोणी सांगितले नसताना, 'गोधड्या धुतल्या', 'माठ आणला', 'पंखा' असे एक-दोन शब्द. आमच्याकडे होळीआधी पंखा कधीच लागत नसे, असे मी वर्षानुवर्षे छातीठोकपणे सांगत आलो होतो. मागच्या दिवाळीत गठ्ठा खाली काढला, तर एका वर्षी शिवरात्रीच्याही आधीच्या चौकोनात तिच्या बारीक अक्षरात 'पंखा' होता. आणि दुसऱ्या एका वर्षी होळी होऊन गेल्यावरही गोधड्या धुवायच्या राहिल्या होत्या. माझी आठवण दोन्हीकडून खोटी पडली. ज्या देशाकडे १९०१पासूनच्या सलग नोंदी आहेत, त्याला मात्र असा गठ्ठा उघडल्यावर सुटकेचा निःश्वास टाकता येत नाही. तिथे चौकोनांतले आकडे आठवणीपेक्षा कठोर निघतात.

तेव्हा उद्या सकाळी बाकावर कानटोपीची चौकशी व्हायचीच आहे, ती व्हावी. फक्त होळीनंतर एखाद्या दिवशी मोकळ्या डोक्याने आलेल्या त्या गृहस्थांना कोणीतरी एवढे विचारावे, "काढलीत ती कितव्या तारखेला?" आणि घरी गेल्यावर आठवणीने भिंतीवरच्या चौकोनात, दुधाच्या आकड्याशेजारी, ते लिहून ठेवावे.